किलोमीटर कमी, वर्षे जास्त: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि म्हापशाजवळचे एक गॅरेज

2025 च्या मे महिन्यात माझ्या रेनो डस्टरचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळवून फिरवणारा पट्टा) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप) मी म्हापशाहून अस्नोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान गॅरेजमध्ये बदलून घेतला. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, चतुर्थीच्या दिवसांतली धावपळ आणि चोर्ला घाटाच्या तीन फेऱ्या होऊन गेल्या आहेत, त्यामुळे त्या कामाविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते. गॅरेजविषयी लिहिण्याआधी हे काम केव्हा करावे याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण गोव्यात या प्रश्नाचे उत्तर इतर ठिकाणांपेक्षा थोडे वेगळे येते आणि ते वेगळेपण त्या मेस्त्रींनी अचूक ओळखले, हेच या गॅरेजचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

माझी गाडी 2014 ची असून तिचे इंजिन 1.5 लिटर डिझेलचे आहे. मी पर्वरीला राहतो, नोकरी पणजीत आहे आणि वडिलोपार्जित घर पेडणे तालुक्यात आहे. मांडवीच्या पुलावरून रोजचे जाणे-येणे, महिन्यातून एक-दोनदा गावी आणि वर्षाकाठी दोन-चार वेळा बेळगाव, एवढाच तिचा प्रवास. अकरा वर्षांत गाडी फक्त 61,000 किलोमीटर चालली. आपल्या राज्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे, पेडण्यापासून काणकोणपर्यंतची लांबी सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. इथल्या बहुतेक खासगी गाड्यांचे असेच असते. दहा-बारा वर्षांची गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटरवर उभी असते आणि मालक मोठ्या समाधानाने सांगतो की गाडी अजून नवीनच आहे, टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरनंतर बघू.

हे समाधान महागात पडू शकते. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, आतल्या बाजूला दाते असतात आणि दातांवर कापडाचा थर असतो. रबर वापराने झिजते तसेच नुसत्या वयाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडकही होत जाते. म्हणूनच उत्पादक या बेल्टसाठी दोन मर्यादा देतात, एक किलोमीटरची आणि दुसरी वर्षांची, आणि दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळायची असते. गाडीगणिक आकडे बदलतात. ढोबळमानाने 60,000 ते 1,50,000 किलोमीटर आणि पाच ते दहा वर्षे अशा पट्ट्यात ते येतात, मात्र आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतूनच घ्यावा. दमट आणि उष्ण हवेत, समुद्रकाठी आणि रहदारीत वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी त्यातली वर्षांची मर्यादा मी ताणून घेणार नाही.

किलोमीटरचा आकडा आणखी एका कारणाने फसवा आहे. पर्वरीत महामार्गावर उड्डाणमार्गाचे काम सुरू झाल्यापासून सकाळी गाडी जितका वेळ धावते त्याहून अधिक वेळ उभी असते. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालू असते आणि बेल्ट फिरत असतो. इंजिन मिनिटाला 850 फेरे या मंद गतीने चालत आहे असे धरले तरी एका तासात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, 51,000 फेरे होतात. मीटरवर त्याची नोंद शून्य किलोमीटर.

बेल्ट तुटला तर काय होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना हे सारे अतिकाळजीचे वाटेल. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा झाला पाहिजे, तोही नेमक्या जुळणीने, हे बेल्टचे काम. माझ्या इंजिनात तोच बेल्ट डिझेलचा हाय प्रेशर पंपही फिरवतो. डिझेल इंजिनात दाब फार असल्यामुळे पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) मध्ये जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दाते निघून गेले की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबते, त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात आणि गतीत असलेले पिस्टन त्यांच्यावर जाऊन आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, प्रसंगी पिस्टनही जातो, हेड उतरवावे लागते. बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि हे सारे अनमोड किंवा चोर्ला घाटात मोबाईलला नेटवर्क नसलेल्या वळणावर घडले तर टोइंगचा त्रास निराळाच. टायमिंग चेन सैल झाली की खडखडते आणि मालकाला सावध करते. बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीही न सांगता जातो. आज वापरात असलेल्या चांगल्या प्रतीच्या बेल्टवर म्हातारपणीही भेगा दिसतीलच असे नाही, त्यामुळे कव्हर उघडून वरवर पाहणे आणि ‘अजून चालेल’ म्हणणे याला तपासणी म्हणता येत नाही.

आता वॉटर पंपाकडे येतो, कारण माझे आधीचे नुकसान त्यानेच केले होते. माझ्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टनेच फिरतो. 2019 मध्ये गाडीला पाच वर्षे झाली तेव्हा एका खासगी वर्कशॉपमध्ये मी बेल्ट बदलून घेतला. पंप चांगला आहे, उगाच पैसे कशाला घालता, असे तिथे सांगण्यात आले आणि चार हजार रुपये वाचल्याच्या आनंदात मीही मान डोलावली. पुढे 2020 च्या टाळेबंदीत गाडी आठवड्यांमागून आठवडे उभी राहिली आणि त्या पावसाळ्यात कूलंटच्या टाकीतली पातळी दर पंधरवड्याला बोटभर खाली जाऊ लागली. जमिनीवर डाग दिसत नव्हता, कारण गळती बेल्टच्या कव्हराच्या आत होती. कव्हर उघडले तेव्हा पंपाच्या सीलमधून कूलंट झिरपून चौदा महिन्यांपूर्वीचा बेल्ट त्यात भिजलेला सापडला. कूलंटने किंवा तेलाने भिजलेला बेल्ट परत वापरायचा नसतो. म्हणजे पंप नवा, बेल्ट पुन्हा नवा, आणि इंजिनाचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) सोडण्यापासूनची सारी मजुरी दुसऱ्यांदा. त्या वर्कशॉपने मजुरीत एक रुपयाही सोडला नाही.

या कामात भागांपेक्षा तिथपर्यंत पोहोचण्याचे कष्ट अधिक असतात. जॅकने इंजिनाला खालून आधार द्यायचा, उजवीकडचे माउंटिंग काढायचे, बाहेरचा ऑल्टरनेटरचा बेल्ट, क्रँक पुली, कव्हरे उतरवायची, आणि मग कुठे टायमिंग बेल्ट दिसतो. पंप त्याच्या मागेच बसवलेला असतो. एवढे सगळे उघडलेले असताना जुना पंप तिथेच ठेवणे हा मला आता सरळसरळ चुकीचा सल्ला वाटतो. पंपाच्या बेअरिंगने दगा दिला तर प्रकरण गळतीवर थांबत नाही. अडकलेला पंप बेल्टचे दाते सोलून काढतो आणि मग शेवट तोच, वाकलेले व्हॉल्व्ह. ज्या इंजिनांत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो तिथे हा हिशेब वेगळा असतो. तिथे पंप त्याच्या स्वतःच्या प्रकृतीप्रमाणे बदलता येतो.

2020 च्या त्या दुरुस्तीनंतर 2025 मध्ये पुन्हा पाच वर्षे पूर्ण होत होती. मधल्या काळात गाडी जेमतेम 25,000 किलोमीटर चालली होती. कार्यालयातील एका सहकाऱ्याने या गॅरेजचे नाव सुचवले. मी फोनवर चौकशी केली तेव्हा मेस्त्रींचा पहिला प्रश्न किलोमीटरचा नव्हता. “भाई, मागचा बेल्ट कुठल्या साली घातलेला?” असे त्यांनी विचारले, आणि दुसरा प्रश्न होता, गाडीत कूलंट घालता की पाणी. हे दोन प्रश्न या क्रमाने विचारणारा माणूस मला याआधी भेटला नव्हता. मे महिन्यातच गाडी आणा, पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावर हे काम मी करत नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

गॅरेज दिसायला साधे आहे. पत्र्याची उंच शेड, दोन रॅम्प, बाजूला एक आंब्याचे झाड आणि त्याच्या सावलीत ग्राहकांसाठी एक बाकडे. मात्र भिंतीवर हत्यारांची मांडणी पाहिली की विश्वास वाटू लागतो. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारे पाने) दोन आहेत, आणि माझ्या इंजिनाच्या टायमिंगसाठी लागणाऱ्या लॉकिंग पिना एका वेगळ्या डब्यात तेल लावून ठेवलेल्या होत्या. टायमिंग बेल्टसाठी गॅरेज निवडताना मी यापुढे हीच गोष्ट आधी विचारणार आहे: इंजिन जुळवून ठेवायच्या पिना तुमच्याकडे आहेत का, की खडूने खूण करून काम करता? खडूच्या खुणेवर वर्षानुवर्षे काम करणारे अनुभवी मेस्त्री आहेत, त्यांच्या हातांविषयी मला आदर आहे, पण एक दातभर चूक झाली तरी इंजिन नीट चालत नाही, आणि ती जोखीम मी माझ्या गाडीसाठी घेणार नाही.

काम चालू असताना मला जवळ उभे राहू दिले, हेही मुद्दाम नोंदवतो. जुना पंप बाहेर आल्यावर मेस्त्रींनी तो फडक्याने पुसला नाही, तसाच माझ्या हातात दिला. सीलच्या खालच्या लहान भोकाभोवती कूलंट वाळून खडीसाखरेसारखे फिकट गुलाबी कण जमले होते. “आता शाफ्ट फिरवून बघा,” ते म्हणाले. मी बोटांनी पुली हळूहळू फिरवली. नव्या पंपाचा शाफ्ट लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. जुना फिरत होता, पण दर फेऱ्यात एका जागी बोटांना बारीक खरखर जाणवत होती, तांदळात खडा लागावा तशी. गाडी चालवताना याचा कुठलाही आवाज मी ऐकला नव्हता. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. पंप अजून वर्षभर चालला असता की पुढच्याच महिन्यात गेला असता, हे कोणीही सांगू शकले नसते, आणि मेस्त्रींनीही तसा दावा केला नाही. पाच वर्षांचा पंप पुढच्या पाच वर्षांच्या बेल्टसोबत ठेवता येणार नाही, एवढेच ते म्हणाले.

त्यानंतरचे काम मी अर्धा तास पाहत होतो आणि ते पाहण्यासारखे होते. पंप बसण्याची जागा जुन्या गॅस्केटचे कण खरवडून आरशासारखी स्वच्छ करण्यात आली. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट पिनांनी जागेवर धरून बेल्ट चढवला गेला, डिझेल पंपाच्या चाकावरची खूण जुळवली गेली, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा काटा त्याच्या खुणेवर आणला गेला. मग पिना काढून पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले आणि पिना परत घालून पाहिल्या. त्या अलगद आत गेल्या. टेन्शनरचा काटा किंचित सरकला होता, तो पुन्हा खुणेवर घेऊन दोन फेऱ्यांची तीच तपासणी परत केली. शिकाऊ मुलगा तोवर स्टार्टर मारायच्या तयारीत किल्लीजवळ जाऊन उभा राहिला होता. मेस्त्रींनी त्याला बोलावून घेतले आणि काटा कुठे आहे हे त्याच्याकडून वाचून घेतले. क्रँक पुलीचा बोल्ट जुना न वापरता नवा घातला, कारण तो आधी ठरावीक टॉर्कने आणि मग ठरावीक अंशांनी ताणून आवळायचा असतो आणि एकदा ताणलेल्या बोल्टवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही.

कूलंटच्या बाबतीत हे गॅरेज हट्टी आहे आणि तो हट्ट रास्त आहे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची सवय जुनी आहे. गाडी तापली की जवळच्या घरातून कळशी मागून आणायची, ही आपल्या वाडवडिलांची रीत. जुन्या इंजिनांनी ती सोसली. पाण्यातील क्षार मात्र आत थर धरतात, लोखंडी भाग गंजतात आणि तो गंज पंपाच्या सीलवर घासत राहतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, त्यांचेही आयुष्य मर्यादित असते. त्यामुळे पंप बदलताना जुने कूलंट गाळून परत भरण्याला मेस्त्रींनी साफ नकार दिला. त्यांनी योग्य प्रकारचे नवे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरले, आतली हवा काढली आणि रेडिएटरचा पंखा आपोआप दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहिली आणि मगच गाडी ताब्यात दिली.

खर्चाचा तपशील असा. बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्र असलेला नामांकित कंपनीचा संच 11,800 रुपये, बाहेरचा बेल्ट 1,600, कूलंट 1,450, क्रँक बोल्ट 350 आणि मजुरी 4,500, एकूण 19,700 रुपये. संचाचे खोके माझ्यासमोर फोडले आणि सारे जुने भाग पिशवीत घालून परत दिले. हाताने लिहिलेल्या बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक आहे. टायमिंगच्या भागांत डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट असल्यामुळे या दोन गोष्टी मी गौण मानत नाही. फक्त बेल्ट घातला असता तर सहा-सात हजार वाचले असते. 2019 मध्ये असेच वाचवलेले पैसे 2020 मध्ये मी दुपटीहून अधिक करून भरले होते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एका दिवसाचे काम म्हणून सांगितले होते, त्याला दोन दिवस लागले. माउंटिंगचा एक बोल्ट गंजून बसला होता. समुद्रकाठच्या हवेत अकरा वर्षे काढलेल्या गाडीत असे होणारच, पण ही शक्यता आधी सांगितली असती तर मी दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकली असती. फोन दुपारी उचलला जात नाही. गाडी उभी करायला जागा अपुरी आहे आणि रस्ता अरुंद असल्यामुळे दोन गाड्या आल्या की तिसऱ्याची पंचाईत होते. कामासाठी हमीचा कागद देत नाहीत, तोंडी सहा महिन्यांचा शब्द देतात. मला त्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटला, परंतु लेखी हमी असती तर अधिक बरे झाले असते.

ज्यांची गाडी डस्टर नाही त्यांनी सर्वप्रथम आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे पाहावे. मारुतीच्या 1.3 लिटर डिझेल स्विफ्टमध्ये चेन आहे, के-सीरीज पेट्रोल इंजिनांतही चेनच आहे. फोक्सवॅगन पोलोच्या 1.5 लिटर डिझेलमध्ये बेल्ट आहे, फोर्ड इकोस्पोर्टच्या डिझेलमध्येही आहे, आणि अजूनही कुणी जिवापाड जपलेल्या मारुती 800 मध्येही बेल्टच आहे. जुन्या 2.5 लिटर डिझेल इनोव्हात तर बेल्ट बदलण्याची वेळ झाली की मीटरवर त्यासाठी स्वतंत्र दिवा लागतो. तो दिवाही किलोमीटर मोजूनच लागतो, वर्षे त्याला कळत नाहीत. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीसाठी तो पुरेसा आहे, कारण तिचे किलोमीटर वर्षांच्या आधी संपतात. घरची इनोव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांनी दिव्याची वाट पाहू नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी बेल्ट बदलल्याचे बिल मागावे आणि ते मिळाले नाही तर बदललेला नाही असेच धरून चालावे, मीटरवरचा आकडा कितीही लहान असो.

पावसाळ्यात कूलंटची पातळी मी दर रविवारी थंड इंजिनावर पाहत होतो. चार महिन्यांत ती खुणेवरून हललेली नाही. इंजिनाच्या कव्हरावर मेस्त्रींनी एक लहान चिकटपट्टी लावून दिली आहे, तिच्यावर पक्क्या शाईने ‘बेल्ट आणि पंप, मे 2025, 61,000’ असे लिहिले आहे आणि खाली ‘पुढचा मे 2030’. पुढच्या खेपेचे किलोमीटर त्यांनी लिहिलेच नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले की तुमची गाडी तिथपर्यंत पोचायची नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी नऊच्या आत फोन करावा आणि चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे टाळावेत, त्या दिवसांत रॅम्प रिकामा मिळत नाही.